मधलं माणूस

कानसेनाचं काम बोलायला शिकवण्याचं, आणि त्याच्या घरात गेला महिनाभर त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. 'कुणी' म्हणजे तरी कोण? घरात माणसं दोनच, तो आणि त्याची बायको. त्यामुळे एकीने बोलणं सोडलं की सगळं घर गप्प.

कानसेन हे काही त्याचं खरं नाव नव्हे. स्वतःला गाता येत नाही पण ऐकण्यात मुरलेला असतो, अशा माणसाला जे म्हणतात ते ऑफिसातल्यांनी त्याला चिकटवलं होतं. फोनवर बोलणारी यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत तो आवाज जुळवायचा. यंत्राने किती वेगात बोलायचं, कुठे थांबायचं, कोणत्या शब्दावर भार द्यायचा, वाक्याच्या शेवटी सूर खाली आणायचा की तसाच ठेवायचा, हे तो ठरवायचा. यंत्र हुबेहूब माणसासारखं बोलतं असं जाहिरातीत लिहितात. जाहिरातीत काय वाट्टेल ते लिहितात. यंत्र सुरुवातीला 'गाळ'ला 'गाल' म्हणतं, 'नळ'ला 'नल' म्हणतं, आणि 'जोडणी'तला ज 'जीवना'तल्या ज सारखा काढून ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आणतं. मग कानसेनासारखा कुणीतरी बसून एकेक अक्षर त्याच्या गळी उतरवतो, तेव्हा कुठे ते चारचौघांत तोंड उघडण्यालायक होतं.

सध्याचं काम पाणीपुरवठा खात्याचं होतं. लोकांनी फोन करायचा, यंत्राने तक्रार ऐकून घ्यायची आणि खात्यातल्या योग्य माणसाला निरोप म्हणून पोचवायची. खात्याची अट एकच होती. पाणी आलं नाही की लोक फोनवर तोंडाला येईल ते बोलतात. तर मजकूर तेवढा पोचावा, शिव्या वाटेत गळाव्यात. त्याप्रमाणे यंत्राला तयार केलं होतं. "पाणी काय तुमच्या बापाचं आहे का?" असं कुणी ओरडलं, की "ग्राहकाने पाण्याच्या मालकीबाबत विचारणा केली आहे" असा निरोप जायचा.

पहिले तीन आवाज खात्याच्या मुख्य अभियंत्यांनी नापास केले. पहिला त्यांना विमानातल्या बाईसारखा वाटला, दुसरा शाळेतल्या बाईसारखा, आणि तिसरा इतका गोड होता की मोठी जलवाहिनी फुटल्याची बातमी त्याच्या तोंडून ऐकताना अभिनंदन करावंसं वाटायचं. चौथा पसंत पडला. त्याला नाव काय द्यायचं यावर समितीत एकमत होईना, तेव्हा सगळे त्या आवाजाला 'चौथी'च म्हणू लागले.

चौथीच्या एका वाक्यावर तर अभियंते बेहद्द खूश होते. समोरच्याचं बोलणं कळलं नाही की ती म्हणायची, "माफ करा. कृपया सावकाश बोला. आपले शब्द नीट समजले नाहीत." हे वाक्य कानसेनाने आधी स्वतःच्या आवाजात म्हणून दाखवलं होतं आणि यंत्राने त्याची चाल जशीच्या तशी उचलली होती. आवाज बाईचा, पण 'सावकाश'वर किंचित रेंगाळणं, शेवटी हलकेच खाली उतरणं, हे सगळं त्याचं. अभियंत्यांनी ते पुन्हा पुन्हा लावून ऐकलं. इतक्या मायेने तर घरचं माणूससुद्धा सांगत नाही, असं ते म्हणाले. कानसेनाने मान लववून आभार मानले.

घरच्या माणसाचा विषय त्यांनी काढायला नको होता. अबोला सुरू झाला होता तो असंच काहीतरी मायेने सांगण्यावरून.

बायकोची आई गेली त्या आठवड्यात सगळे बायकोच्या भावाकडे जमले होते. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. एका दुपारी नात्यातल्या एक मावशी आल्या, आणि बायको त्यांना आईच्या शेवटच्या सकाळचं सांगू लागली. बायको भरभर बोलते. पहिल्यापासूनच तिचं एक वाक्य संपायच्या आत दुसरं दारात उभं असतं. त्या दिवशी तर ती श्वास घ्यायलाही थांबत नव्हती. मावशींना कमी ऐकू यायचं. त्या पुढे वाकून, कानामागे हात धरून बसल्या होत्या. कानसेन शेजारच्या खुर्चीवर होता. त्याला वाटलं, आपण जरा मदत करावी. उचलली जीभ लावली टाळ्याला. ऑफिसात म्हणावं तसं, अगदी शांत, समजुतीच्या सुरात तो म्हणाला, "जरा सावकाश बोल. शब्दांचे शेवट गिळतेस. त्यांना समजत नाहीये."

बायको वाक्याच्या मध्यावर थांबली. खोलीतल्या सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "बरं," ती म्हणाली, आणि चहाचे कप गोळा करून आत निघून गेली. राहिलेलं तिच्या भावाने सांगितलं, सावकाश आणि स्पष्ट. मावशींना सगळं समजलं.

घरी परतल्यावर ती त्याच्याशी बोलेना. आधी त्याला वाटलं, दुःख आहे, ओसरेल. मग त्याच्या लक्षात आलं, की दुःखात असलेली बायको दूधवाल्याशी बोलते, शेजारणीशी बोलते, लेकीशी फोनवर तासन्‌तास बोलते; हे दुःख फक्त आपल्यापुरतं राखून ठेवलेलं आहे. कारण त्याला अंधुक माहीत होतं. पण धंद्याची सवय वाईट. तो प्रसंग त्याने मनातल्या मनात कितीतरी वेळा पुन्हा लावून ऐकला होता आणि दर वेळी त्याचं मत तेच पडलं होतं. सूर सौम्य होता, शब्द मोजके होते, आणि ती शेवट गिळत होती हे खरंच होतं. चूक काही सापडेना. आणि चूकच सापडत नाही तर माणसाने माफी मागायची कशाची?

अबोला या घराला नवा नव्हता. इतकी वर्षं संसार झाला की तो अधूनमधून मुक्कामाला येतोच. पण अबोल्याला मधलं माणूस लागतं. पूर्वी ते काम लेक करायची. बाबा समोर पाटावर बसलेले असले तरी आई म्हणायची, "बाबांना सांग, वाढलंय." अबोल्याचा नियमच असा, की समोरच्याचं थेट ऐकू आलं तरी ते ऐकू आलेलं नाही असं धरायचं, मधल्या माणसाने सांगितलं की मगच ऐकायचं. लेक दोन्हीकडचे टोकदार शब्द वाटेतच काढून टाकायची आणि दोन्हीकडून चॉकलेट वसूल करायची. जे चौथीला शिकवता शिकवता कंपनीच्या नाकी नऊ आले ते पोरीला उपजत येत होतं. आता ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहायला गेली होती. मधलं माणूसच नाही म्हटल्यावर अबोला सुटणार कुठून?

आणि अशातच चौथी घरी आली.

त्याचं असं, की कंपनीची एक पद्धत होती. कुठलाही आवाज पसंत पडला की तो शेवटी स्वयंपाकघरात तपासून घ्यायचा. पाण्याची तक्रार कुणी सोफ्यावर बसून करत नाही. नळ कोरडा, कुकर शिट्ट्या मारतोय, मिक्सर ओरडतोय, अशा वेळी करतो. तेव्हा साबणाच्या वडीएवढ्या एका डबीत घालून कानसेनाने चौथीला घरी आणलं आणि ओट्यावर, साखरेच्या डब्याशेजारी, प्लगला लावून ठेवलं. डबीला जे सांगावं त्याचा निरोप चौथीच्या आवाजात त्याच्या फोनवर वाजायचा, आणि फोनवर त्याने काही सांगितलं तर ते डबीतून ऐकू यायचं. चाचणीपुरता खात्याचा 'योग्य माणूस' तोच होता.

बायकोने डबीकडे पाहिलं. हे काय आहे, असं विचारावं तर अबोला मोडतो, म्हणून तिने विचारलं नाही. न विचारता सांगावं तर माघार घेतल्यासारखं होतं, म्हणून त्याने सांगितलं नाही. त्याऐवजी तो फोन कानाला लावून मॅनेजरला मोठमोठ्याने म्हणाला, की चौथीला घरी आणलंय, ओट्यावर ठेवलंय, आता तिला कुणीही काहीही सांगितलं की ती मला बरोबर निरोप देईल. लेकी बोले सुने लागे, त्यातलाच प्रकार. मॅनेजरने पलीकडून फोन केव्हाच ठेवला होता.

संध्याकाळी तो बाहेरच्या खोलीत बसला असताना आतून बायकोचा आवाज आला, "सांग तुझ्या साहेबांना, जेवायला या म्हणावं." दोन खोल्यांमध्ये दार नव्हतं, नुसती चौकट होती, त्याला शब्दन्‌शब्द ऐकू आला. नियमाप्रमाणे तो हलला नाही. मग खिशातला फोन बोलला.

"नमस्कार. आपल्यासाठी निरोप आहे. भोजन तयार आहे. कृपया सहकार्य करावे."

त्याने सहकार्य केलं.

तिथून घराला पुन्हा वाचा फुटली म्हणायला हरकत नाही. ओला टॉवेल पलंगावर टाकायला हे लॉज नाही, असं बायकोने डबीला सुनावलं, आणि फोनने कळवलं की ओल्या टॉवेलबाबत तक्रार प्राप्त झाली असून, हीच तक्रार यापूर्वीही आलेली असल्याने ती तातडीची समजण्यात येत आहे. भाजी छान झालीय म्हणून सांग, असं त्याने एकदा फोनला हळूच सांगितलं. ओट्यावरून चौथी म्हणाली, "आपल्या सेवेबद्दल समाधान व्यक्त करण्यात आले आहे." आत एक पातेलं जरा जोरात आपटलं. पण त्याआधी त्याच्या कानाने एक बारीकसं फिस्स टिपलं होतं. त्याला उगाच कानसेन म्हणत नव्हते. ते हसू होतं. दाबलेलं, पण हसूच.

कधी कधी निरोपाच्या शेवटी चौथी सांगायची, "या निरोपातील काही शब्द वगळण्यात आले आहेत." ते शब्द चौकटीतून त्याला आधीच ऐकू आलेले असायचे. पण नियम तो नियम.

त्याला आशा वाटू लागली, आणि आशा वाटली की हा माणूस यंत्राला हात लावतो. जगातली सगळी भांडणं सांगण्याच्या पद्धतीवरून होतात, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. त्याने घरातल्या चौथीचा वेग थोडा उतरवला, आवाजात थोडी ऊब घातली, वाक्याआधी थोडं थांबायला लावलं. ऑफिसात त्याबद्दल कुणी विचारलं तर घरगुती वातावरणात जुळवणी चालू आहे, असं सांगायचा. ते खोटं नव्हतं.

एका संध्याकाळी गॅलरीत जाऊन, फोन तोंडाशी धरून तो म्हणाला, "तिला सांग, माझं काही चुकलं असेल तर माफ कर."

आतून चौथीचा आवाज आला. "झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे." सूर उत्तम लागला होता. 'दिलगिरी'आधीचं थांबणं तर फारच छान आलं होतं. तो वाट पाहत राहिला. शेवटी चौथीने प्रत्येक निरोपानंतर विचारते तसं विचारलं, "आणखी काही सांगायचं आहे का?"

"गैरसोय म्हणे," बायको म्हणाली. नळ सुरू झाला, बंद झाला. "सांग त्यांना, मी शनिवारी लेकीकडे जातेय. परत कधी येणार ते ठरवलेलं नाही."

ते ऐकून तो गॅलरीतून आत आला आणि चौकटीला हात टेकून उभा राहिला. ती पाठमोरी होती. फोनने आपलं काम केलंच.

"आपल्याला कळवण्यात येते, की आपल्या घरातील सेवा शनिवारपासून बंद राहील. सेवा पूर्ववत कधी होईल हे सांगता येत नाही. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत."

वाईट बातमी सांगायचा तो सूर त्याने 'आज पाणी येणार नाही' या वाक्यासाठी खपून बसवला होता. ऐकणाऱ्याला राग येऊ नये, उगाच आशा वाटू नये, आणि त्याचा धीरही सुटू नये, असा तो सूर होता. आता तो त्याच्यावरच तपासला गेला. राग आला नाही. आशाही वाटली नाही. धीर मात्र सुटला. तेवढी एक दुरुस्ती राहिली होती.

त्याला भीती वाटली. भांडून माहेरी जाणारी बायको परत येते हे त्याला ठाऊक होतं. पण माहेर आईबरोबर संपलं होतं, आणि ही भांडून जात नव्हती. कुंड्यांना पाणी कधी घालायचं ते सांगून जाणार होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून त्याने लेकीला फोन केला. आईला जरा समजाव, असं त्याने सुचवून पाहिलं. लेकीने साफ नकार दिला. ती म्हणाली, की लहानपणी चॉकलेट मिळायचं म्हणून मी मधे पडायचे, आता मला चॉकलेट विकत घेता येतं. मग तिने विचारलं, "बाबा, आई त्या दिवशी मावशीआजीला काय सांगत होती, ते तुम्ही विचारलंत तिला?"

विचारायचं काय त्यात, तो म्हणाला, राहिलेलं सगळं मामाने नीट सांगितलं की.

"मामा तेव्हा घरात नव्हता," लेक म्हणाली. "औषध आणायला गेला होता. तिथे फक्त आई होती." आणि तिने फोन ठेवला.

तो जिन्यातच उभा राहिला. येणाऱ्याजाणाऱ्यांनी त्याला वळसा घालून वाट काढली. राहिलेलं सांगणाऱ्याला राहिलेलं माहीतच नव्हतं. आणि ते इतकं स्पष्ट सांगितलं गेलं, की ऐकणाऱ्या एकालाही ते खटकलं नाही. कानसेनालासुद्धा नाही.

तिला विचारायचं, असं ठरवून तो घरी गेला. पण ठरवणं सोपं. महिनाभर वापरात नसलेलं तोंड आयत्या वेळी उघडत नाही. त्या दिवशी नाही जमलं, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आणि बघता बघता शुक्रवार आला. पॅसेजमध्ये बायकोची बॅग भरून उभी होती.

संध्याकाळी तिने दूध तापत ठेवलं आणि ओटा पुसत पुसत डबीला एकेक सांगू लागली. डाळीचे डबे खालच्या कप्प्यात आहेत. कुंड्यांना एक दिवसाआड पाणी, तुळशीला रोज. इस्त्रीचे कपडे सोमवारी आणायचे. बाहेर फोन एकामागून एक सूचना प्रसृत करत होता. कानसेन हातातला चहा गार करत ऐकत होता. सूचना संपल्या.

"आणखी काही सांगायचं आहे का?" चौथीने विचारलं.

या वाक्यानंतर त्याने यंत्राला भरपूर वेळ थांबायला लावलं होतं. रागावलेल्या माणसाला खरं दुखणं शेवटी आठवतं, असा त्याचा अनुभव होता. बायको रोज इथे 'नाही' म्हणायची आणि विषय संपायचा. आज ती काही बोलली नाही. चौथी थांबली. तोही थांबला.

"आहे," बायको म्हणाली.

ओटा पुसणारा हात तसाच चालू होता. "दादा औषध आणायला गेला होता आणि मी आईजवळ बसले होते, मला वाटलं झोप लागलीय म्हणून मी आपली गप्प, तर डोळे न उघडताच म्हणाली अशी गप्प का बसलीस, बोल काहीतरी, तू बोलतेस तोवर मला कळतं मी घरातच आहे. मग काय बोलू, सुचेल ते बोलत सुटले, शेजारच्यांच्या मांजरीचं, पोरीच्या नव्या घराचं, खिडकीला पडदा कुठला घ्यायचा त्याचं, लहानपणी बरणी मी फोडली आणि नाव दादाचं घेतलं तेही सांगून टाकलं, तर हसली, मला माहीत होतं म्हणाली. मग तिचे श्वास लांबलांब यायला लागले. मला वाटलं मी थांबले की ही जाईल, मी बोलतेय तोवर नाही जाणार, म्हणून मी अजून भरभर बोलायला लागले, मधे फट राहायला नको, कुठेच फट राहायला नको..."

"माफ करा," चौथी म्हणाली. "कृपया सावकाश बोला. आपले शब्द नीट समजले नाहीत."

बायकोचा हात थांबला.

वाक्य अगदी बिनचूक आलं होतं. 'सावकाश'वरचं रेंगाळणं, शेवटचं हलकेच उतरणं, सगळं जागच्या जागी. कानसेनाने ते चौकटीतून ऐकलं, आणि त्याला तिची पाठ दिसली. भावाच्या घरी वाक्याच्या मध्यावर थांबली होती तीच पाठ. सूर सौम्य होता. शब्द मोजके होते. इतके दिवस न सापडलेली चूक त्याला सापडली, आणि ती सापडल्यावर त्याला आपली इतकी लाज वाटली की खाली बसावं की उभं राहावं ते कळेना.

तो आत गेला आणि त्याने डबीचा प्लग उपटला.

"मला समजतंय," तो म्हणाला. महिन्याभराने तिच्याशी बोलताना त्याचा आवाज चिरकला, आणि त्याने तो सारखा केला नाही. "माझं चुकलं. तू बोल."

ती भिंतीकडे पाहत राहिली. यंत्राला त्याने थांबायला लावलेला वेळ केव्हाच उलटून गेला. यंत्र असतं तर आता आभार मानून फोन ठेवतं झालं असतं. तो उभाच राहिला. बसायला खुर्ची ओढली तर तिचा आवाज होईल, म्हणून बसला नाही.

"कुठपर्यंत आले होते?" तिने भिंतीलाच विचारलं.

"मधे फट राहायला नको, म्हणून भरभर बोलत होतीस."

मग ती बोलली. पहिल्यापेक्षा भरभर. भिंतीकडून वळून कधी त्याच्याकडे पाहून बोलू लागली ते तिचं तिलाही कळलं नाही. सगळं सांगून झाल्यावर तिने आईला मांजरीपासून पुन्हा तेच सांगितलं होतं, नवं सुचेना म्हणून घरातल्या भांड्यांची नावं घेतली होती, बोलतच राहिली होती. दादा औषध घेऊन आला आणि त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, पुरे म्हणाला. आई जाऊन थोडा वेळ झाला होता. "मी बोलतच होते हो," ती म्हणाली. "ती कुठल्या शब्दाला गेली ते मला माहीतच नाही."

कुठल्या शब्दावर किती भार पडला ते नेमकं सांगणाऱ्या कानसेनाला मधले काही शब्द खरोखर कळले नव्हते. ते त्याने विचारले नाहीत. तिच्याबरोबर त्याच्याही डोळ्यांना पाणी आलं, आणि दोघांपैकी कुणी ते पुसायला गेलं नाही.

"अहो, दूध," बायको म्हणाली. "दूध उतू जातंय. नुसते बघत काय उभे राहिलात?"

त्याने गॅस बंद केला. दूध जायचं तेवढं गेलं होतं. शेगडीवरून ओट्यावर, ओट्यावरून डबीच्या खाली. बायको फडकं घेऊन पुसायला लागली. पुसता पुसता म्हणाली, की उद्या जाणार ते जाणारच, लेकीने रजा घेतली आहे. तो बरं म्हणाला.

"परतीचं तिकीट तेवढं काढून ठेवा. रविवार सोडून पुढच्या रविवारचं." तिने फडकं पिळलं. "आणि या बाईला देऊन टाका परत. दुसऱ्याला सावकाश बोला म्हणते आणि स्वतःला दम धरवत नाही."

त्याने डबी उचलली. तिच्या भोकांतून दूध ठिबकत होतं. त्याने ती पुसून कोरडी केली आणि ऑफिसच्या पिशवीत घातली. चालू आहे की नाही, ते काही पाहिलं नाही.